रूथच्या बहिरेपणाचा दाखला

“सही करा डॉक्टर. दुपारच्या गाडीनं निघायचंय,” शांतवन म्हणाला.

तो दौंडच्या यार्डात शंटर होता, म्हणजे गाड्यांचे डबे जोडणारा-सोडणारा. बरोबर बायको एस्तेर आणि पाच वर्षांची रूथ. मिशनच्या ओळखीनं रूथला दूरच्या एका मूकबधिर शाळेच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. ती बहिरी असल्याचा डॉक्टरचा दाखला तेवढा हवा होता. एस्तेरनं पोरीची ट्रंक बाकाखाली सरकवली होती, जणू ती दिसूच नये.

“तपासल्याशिवाय सही नाही,” मी म्हणालो.

“तपासायचं काय त्यात? इंजिन कानाशी बोंबललं तरी वळून बघत न्हाई.”

एवढ्यात खरंच शिट्टी झाली. दवाखाना स्टेशनला लागूनच होता. मी दचकलो, पेन खाली पडलं. रूथ खिडकीच्या गजावर बोट फिरवत राहिली.

“बगा!” शांतवन म्हणाला.

मी बघितलं. पण रूथबरोबर बाकावरचे पेशंटही बघितले. त्यांतलं कुणीही हललं नव्हतं. कंपाउंडर गणपत पुड्या बांधत होता, त्याची घडीसुद्धा चुकली नव्हती.

“गणपत, शिट्टी ऐकलीस?”

“कुठली?”

बाकावरच्या आजी हसल्या. “डॉक्टर निमोण्याचे हायेत बाबा. तिकडं कोंबडा आरवला तरी गाव जागं व्हतं.”

थट्टा बरोबर होती. दौंडात जन्मलेल्या माणसाला शिट्टी ऐकू येते, पण तो तिची दखल घेत नाही. मग रूथच्या बाबतीत तरी तो पुरावा कसा धरायचा?

लहान मुलाचा कान तपासताना मागून, त्याला न दिसता आवाज करायचा असतो. मी नावानं हाक मारली. टाळी वाजवली. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे ठोकल्यावर घुमणारा पोलादी चिमटा, वाजवून पाहिला. रूथ ढिम्म. शांतवन घड्याळाकडं बघू लागला.

इतका वेळ गप्प असलेली एस्तेर म्हणाली, “तिच्या मागं जाऊन तुमच्या घड्याळाला किल्ली द्या बरं. आमच्या गजराच्या घड्याळाला दिली की धावत येती.”

मी खिशातलं घड्याळ काढून किल्ली फिरवली. आवाज मलाच जेमतेम आला. रूथ मात्र गर्रकन वळली, सरळ आली, माझं मनगट धरून बोटं पुन्हा किल्लीवर नेऊन ठेवली. माझ्या तोंडाकडं तिनं एकदाही पाहिलं नाही. माझा हात म्हणजे तिथं पडलेला पकड-पान्हा असावा, तसा वापरला.

“मी ह्येच सांगत व्हते,” एस्तेर म्हणाली. “पण पोरीला सोडवत न्हाई म्हणून बोलती, असं समदे म्हणायचे. रविवारच्या देवळातलं, चर्चमधलं गाणं परसात एकटी अख्खं म्हणती. तहान लागली तर पाणी मागता येत न्हाई.”

मी दाखला बाजूला ठेवला. बोट दाखवून काही मागते का? नाही. इतर मुलांत खेळते? नाही. कोळशाचे खडे रांगेत लावते, रांग मोडली की आकांत. देवळाची वाट बदलली तरी आकांत. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हा शब्द मी एका व्याख्यानात ऐकला होता. पण रोगी पाहिलेला नव्हता, म्हणून नाव मी घेतलं नाही. पुण्याच्या एका बालरोगतज्ज्ञांना चिठ्ठी दिली.

या निदानाला रक्ताची तपासणी नसते, एक्स-रे नसतो. मूल खेळताना बघायचं आणि आईबापांना जन्मापासूनचं विचारायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी दोन बैठका तेच केलं आणि ऑटिझमच सांगितलं. तेव्हा काही विद्वान याचा दोष आईच्या तुटकपणाला देत. पुण्याच्या डॉक्टरांनीही विचारलं, घरात माया कमी आहे का?

परत आल्यावर शांतवननं मला त्याचं उत्तर ऐकवलं. “म्हटलं, माया लई हाय साहेब. कमी पडती ती झोप.”

ट्रंक घरी गेली. औषध नव्हतंच. एस्तेर रोज पेला रूथच्या हाती देई, ‘पाणी’ म्हणे आणि मगच ओती. दोन वर्षं गेली. एके दिवशी शांतवन ड्यूटीच्या कपड्यांतच दवाखान्यात शिरला. “पाणी म्हणाली! मला म्हणाली!”

बहिरेपणाच्या दाखल्यापूर्वी मी आता दोन गोष्टी करतो. बारीक आवाज करून बघतो, आणि आईला आधी बोलू देतो. दुसऱ्या गोष्टीला उपकरण लागत नाही, तरी तीच जास्त वेळा राहून जाते.

रूथ अजून येते. तोंडाकडं न बघता माझा हात किल्लीवर ठेवते. घड्याळजी म्हणतो, इतकी किल्ली दिली तर स्प्रिंग तुटेल. मी त्याला सांगितलंय, नवी स्प्रिंग आणून ठेव.