राणीच्या लुगड्याचं माप

चंद्रपूरजवळच्या मूल गावात, बस स्टँडच्या मागच्या गल्लीत माझं शिवणाचं दुकान आहे. समोर धानाची गिरणी असल्यामुळे कपड्यांवर कोंडा बसू नये म्हणून दाराला दिवसभर पडदा असतो. धान निघालं की लग्नाची कामं यायला लागतात. अशाच दिवसांत एक मुलगी पडदा सारून आत आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. माझ्या सासूबाईंना इंजेक्शन द्यायला दोनदा घरी येऊन गेली होती, म्हणून मी तिला ओळखत होते. गाव तिचं धानोऱ्याच्या पलीकडे, जंगलात, घर गोंडाचं.

"बाई, लगीन हाये," ती म्हणाली. "लुगडं न पोलकं शिवाचं हाये. पण राणीवाणी पायजे."

"कोणत्या राणीवाणी?"

"आमच्या. चांद्याच्या."

चंद्रपूरला आमच्याकडची म्हातारी माणसं अजून चांदाच म्हणतात. दोरा-बटणं आणायला मी कितीदा तिथल्या गोंड राजांच्या जुन्या किल्ल्याच्या वेशीतून गेले असेन. त्या वेशीतून कधी एखादी राणी गेली असेल आणि तिच्या अंगावर काही कापड असेल, हे माझ्या मनातसुद्धा कधी आलं नव्हतं. ही मुलगी मात्र सुट्टीच्या दिवशी तिथल्या समाध्या पाहून आली होती, वाचनालयात बसून पुस्तकं चाळून आली होती. राणी कशी नेसायची याचं चित्र तिला कुठेच मिळालं नाही. मग तिने आपल्याच भागातल्या म्हाताऱ्या बायांचे फोटो काढले आणि त्यांच्या हातांवरचं गोंदण वहीत उतरवून घेतलं. राणीही त्यांच्यासारखीच नेसत असणार, फक्त कापड भारी असणार, असा तिचा हिशेब होता.

वही माझ्यापुढे उघडली. लुगडं पोटरीपर्यंत, कमरेला घट्ट आवळलेलं. पोलक्याच्या बाह्या कोपरापर्यंत, आणि बाह्यांवर काळ्या दोऱ्याने गोंदणाचे ठिपके, ओळीने. कापड तिने आरमोरीहून आणलं होतं. कोसा रेशीम, मधाच्या रंगाचं, काठ लाल. मी हात फिरवला आणि हातच काढवेना. लुगड्याच्या निऱ्या आधीच शिवून टाकू, म्हणजे परकरासारखं अंगात चढवता येईल, असं मी सुचवलं. तिला पटलं.

मी टेप उचलली तशी ती एक पाऊल मागे सरकली.

"माप आणलं मी," म्हणून तिने कागद दिला.

कागदावर छाती अडतीस. दंड साडेतेरा. डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली. माझ्यासमोर उभी होती ती बत्तीसच्या वर नव्हती, आणि दंड तर माझ्या मनगटाएवढे.

"हे कोणी घेतलं?"

"मीच."

"चुकलं, पोरी."

"नाई चुकलं. कागदावर हाये तसंच शिवा." एवढं बोलून ती ड्युटीवर गेली.

त्यानंतर मी जे केलं ते लिहायला मला अजून जड जातं. मला वाटलं, नर्सबाई इंजेक्शनं देते, तिला टेप धरता येते थोडीच. असा कोसा अडतीसने कापला असता तर पोलकं तिच्या अंगावर पोत्यासारखं लोंबलं असतं, आणि लोकांनी माझ्या नावाने बोटं मोडली असती. माझ्या डोळ्याचा मला फार भरवसा. मी कागद खणात टाकला, मनाने तेहतीस धरलं, शिवणीत थोडं कापड दाबून ठेवलं आणि कात्री चालवली. बाह्यांवरचे ठिपके भरायला तीन आठवडे लागले. भरताना मला एकच नवल वाटायचं. गोंदणाची नक्षी कोपराशी पूर्ण होत नव्हती. मधेच, अर्ध्या ओळीत तुटत होती. वहीत तसंच होतं, म्हणून मी तसंच भरलं.

ठरलेल्या रविवारी मुलगी आली. सोबत तिची आई होती. पन्नाशीची, ठेंगणी, अंगाने भरलेली, पायांत रबरी चपला. मी पोलकं काढून मुलीच्या खांद्याला लावायला गेले. मुलगी बाजूला झाली.

"माह्यं नाई, बाई. आईचं हाये."

मला वाटलं, आईच्या पसंतीचं आहे, ती आधी धरून पाहणार आहे. मी पोलकं आईच्या हातात दिलं. तिने ते लुगड्याच्या घडीवर ठेवलं, खांद्यावरचा पदर खाली घेतला आणि हात पुढे केला. कोपरापासून मनगटापर्यंत तिच्या हातावर गोंदण होतं. मी बाहीवर भरलेली नक्षी जिथे तुटली होती, बरोबर तिथून ते पुढे चाललं होतं.

मी स्टुलावर बसले.

"लगीन तर तुझं हाये ना?" मी मुलीला विचारलं.

"माह्यं बी हाये. पण आधी आईचं. मग माह्यं. एकाच दिवशी."

"म्हणजे तुझे वडील..."

"हायेत ना. घरी बैल बांधून राह्यले असतील," ती म्हणाली.

मग आईच बोलली. जमिनीकडे पाहत, पण आवाजात संकोच नव्हता. त्यांचं लग्न ठरलं त्याच आठवड्यात तिची सासू गेली. मांडव उतरवला. ही मात्र आधीच त्या घरी येऊन राहिली होती. पुढच्या वर्षी करू म्हणाले. पुढच्या वर्षी पोटात लेक होती. त्याच्या पुढच्या वर्षी धान बुडालं. गावाला जेवण देऊन, पुजाऱ्याच्या हातून विधी होत नाही तोवर ते लग्न धरत नाहीत, असं त्यांच्या गावात आहे. कोणी हाकलून देत नाही, कोणी वाईट बोलत नाही. पण तशा बाईला दुसऱ्याच्या लग्नात हळद लावता येत नाही.

"मग इतकी वर्षं लग्नाला गेल्यावर काय करायचात?"

"मांडवाच्या भायेर भात शिजवाची," ती म्हणाली. "बहिणीच्या लग्नात बी. भाच्याच्या बी. आता लेकीचं आलं, म्हून म्हटलं..."

मी त्याच तालुक्यांच्या आजूबाजूला जन्मले, वाढले. धानोऱ्याच्या बायांची पोलकी शिवली. असं काही असतं हे मला ठाऊक नव्हतं.

"मग आधीच काऊन नाई सांगितलं?" मी मुलीला म्हटलं.

"आईनंच मनाई केली. मूलचे लोक हासतील म्हणे."

आई पोलकं घालायला पडद्याआड गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत गेले तर उजवी बाही दंडाच्या अर्ध्यात अडकली होती, आणि ती बिचारी कापड फाटू नये म्हणून हात हवेत धरून, न हलता उभी होती. पाठ पूर्ण उघडी. डावा खांदा कागदावर लिहिला होता तसाच खाली. आयुष्यभराच्या मोळ्यांनी दबलेला.

मी तिच्यापुढे उभी राहून सांगितलं की माप बरोबर होतं आणि मी ते मानलं नाही. मुलगी पडद्याशी आली होती.

"बाई, तुमाले कागद देल्ला होता," ती एवढंच म्हणाली. ती ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. शिवणीत दाबलेलं कापड सोडूनही दोन-तीन इंच कमी पडत होते. त्या रंगाचा कोसा पुन्हा मिळणार नव्हता. लग्नाला नऊ दिवस होते.

आईने बाही हळूच सोडवली, पोलकं घडी करून मला परत दिलं.

"माही आजी पोलकं घालेच नाई," ती म्हणाली. "थांबा."

तिने मी शिवलेलं लुगडं उचललं, निऱ्यांवरची टीप चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं. मी कात्री दिली. तिने माझी सगळी टीप उसवली. मग ते लांब कापड मोकळं करून, एक टोक कमरेला खोचून, दोन वेढे घेऊन, उजव्या बगलेखालून छातीवर आडवं आणून डाव्या खांद्यावर गाठ मारली. वेळ लागला असेल एखाद-दोन मिनिटं. दंड उघडे, गोंदण वरून खालपर्यंत उघडं, पोटऱ्या उघड्या. ती वळली आणि सरळ उभी राहिली.

मुलगी तोंडावर हात ठेवून पाहत होती. महिनोन्महिने ती पुस्तकांत आणि दुसऱ्यांच्या घरी शोधत फिरली, आणि हे तिच्या आईला येत होतं. तिने कधी विचारलंच नव्हतं.

"तुले कसं येते?" ती आईला म्हणाली.

"रोज पाहत होती ना आजीले."

तशी नेसल्यावर लुगड्याचं हातभर कापड उरत होतं. तेच कापून मी पोलक्याच्या दोन्ही कुशीला आणि बाह्यांच्या खालून जोड दिला. माप या वेळी तिच्या अंगावर घेतलं, आणि मग कागदाशी ताडून पाहिलं. एका दोऱ्याचा फरक नव्हता.

लग्नाला मी गेले. पोलकं तिने घातलं. जावयाकडची माणसं आहेत म्हणाली. पण नेसली आजीसारखीच. तिचा नवरा नव्या धोतरात मांडवात बसला होता. ती समोर आली तेव्हा तो उठून उभा राहिला, का उठला ते त्यालाच कळलं नाही, आणि बाजूच्याने हाताला धरून त्याला खाली बसवलं. विधी झाला, ढोल थांबले, आणि ती तशीच तडक लेकीकडे गेली. वाटीत बोटं बुडवून लेकीच्या गालाला हळद लावली. मग कपाळाला, हातांना, पायांना. लावतच राहिली. लेक रडत होती. आईचा चेहरा मात्र एखादं काम नीट पार पाडायचं असावं तसा होता. माझ्या जोडावर हळदीचे डाग पडले.

जेवायला बसल्यावर, इतका वेळ मांडवाबाहेर भात शिजवत असलेल्या गावातल्या तिघी बाया माझ्या बाजूला येऊन बसल्या. मुलीच्या आईपेक्षाही म्हाताऱ्या. सगळ्यात थोरलीचे दात गेलेले. बराच वेळ त्या पत्रावळीतला भात कालवत राहिल्या. मग थोरलीने माझ्या पिशवीतून डोकावणाऱ्या टेपकडे बोट दाखवलं.

"असं लुगडं कराले किती कापड लागते?"

मी सांगितलं. तिने दोघींकडे पाहिलं.

"आमी तिघी हाओ," ती म्हणाली.

मग मी हात धुतले आणि टेप काढली.