आगीतून निघालेली नळी

एल्झा केगलला बंदूक विकत घेणं जमलंच नसतं असं नाही, पण विकतची बंदूक त्याला नकोच होती. अख्ख्या हिकरी कोव्ह गावात त्याच्याइतका हट्टी माणूस नव्हता, आणि त्याच्यासारखा हातही कुणाचा नव्हता. फाटकाची बिजागरी, पिठाच्या चक्कीचा दात, चर्चमधल्या बाजाच्या पेटीचा भाता, जे मोडेल ते लोक त्याच्या शेडमध्ये आणून टाकत. तो आणणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करी आणि संध्याकाळपर्यंत वस्तू नवी करून देई. दगडाच्या खाणीतली नोकरी संपल्यावर तर त्याचा मुक्काम शेडमध्येच हलला.

त्या वसंतात तो जुन्या घराच्या जागेवर गेला आणि राखमातीतून, ब्लॅकबेरीच्या जाळीतून ओरबाडून घेत, एक लांबलचक गंजकी नळी उपसून घेऊन आला. त्याच्या वडिलांच्या ठासणीच्या बंदुकीची होती ती. घर जळलं तेव्हा दस्ता, चाप सगळं गेलं, तेवढी नळी उरली होती. आणि घर जळलं ते लोन्झोमुळे. लोन्झो म्हणजे एल्झाचा धाकटा भाऊ. कडाक्याच्या थंडीत त्याने शेगडीत लाकडं ठासून भरली आणि गोठ्यात दूध काढायला गेला. माणसं सगळी वाचली, पण घर वाचलं नाही.

त्याला कुणी बोललं असतं तर बरं झालं असतं. कुणीच बोललं नाही. म्हाताऱ्या बापाने तर मरेपर्यंत त्या गोष्टीचं नाव काढलं नाही, आणि तेच लोन्झोला जास्त लागलं. नेमबाजीत कोव्हमध्ये ज्याचा हात धरणारा कुणी नव्हता, त्याने बंदूक सोडली ती सोडलीच. तंबाखू ओढणं सोडलं. घरात विजेची शेगडी आणली. चर्चमध्ये मेणबत्ती लावायची पाळी आली की हा बाहेर मोटारीपाशी जाऊन उभा.

"मला वाटलं होतं, आता तरी छपराची गळती काढशील," एल्झाची बायको व्हर्डी म्हणाली. ती नळीकडे मेलेल्या सापाकडे पाहावं तशी पाहत होती.

"ही माझ्यासाठी नाही," एल्झा म्हणाला. "ऑक्टोबरात लोन्झो हिने नेम धरेल."

व्हर्डीने छपराचा विषय पुन्हा काढला नाही. एल्झा वेडा आहे हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं, पण असलं वेड तिला आवडायचं.

ऑक्टोबरात रॉस्को काकांच्या कुरणात, त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून, बैलासाठी नेमबाजीची पैज लागे. लठ्ठ बैल कापायचा, मागच्या दोन मांड्या पहिल्या दोघांना, पुढचे दोन फरे पुढच्या दोघांना, पाचव्याला कातडं आणि चरबी. सहाव्याला काय, तर नेमाच्या फळ्यांमागच्या झाडात रुतलेलं शिसं, तेही त्याचं त्यानेच उकरून काढायचं. बंदूक ओंडक्यावर टेकवून, जमिनीवर पालथं पडून मारायची. ज्याने त्याने आपली फळी आपणच जाळावर धरून काळी करायची आणि आपल्याच चाकूने तिच्यावर फुली कापायची. मग दोन-चार बार टाकून पाहायचे, आणि आपली बंदूक जेवढी चुकते तेवढं अंतर सोडून पांढरा कागद ठोकायचा. नेम कागदावर, गोळी फुलीवर. म्हणजे बंदूक खोटारडी असली तरी चालते, फक्त तिने दर वेळी तेच खोटं बोलायला हवं.

एल्झा सगळा उन्हाळा याच एका गोष्टीच्या मागे होता. नळीचा बाक काढायला तिच्यातून दोरा ताणून तो तासन्तास एक डोळा मिटून बघत बसे, शिशाच्या हातोडीने एक टोला घाली आणि पुन्हा बघत बसे. आतले आटे, गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, झिजले होते. करवतीच्या तुकड्याचा दात हिकरीच्या काठीत बसवून त्याने एकेक आटा खरवडून खोल केला. पाडलेल्या शाळेच्या बाकाची मेपलची फळी दस्त्याला घेतली, तिच्यावर मास्तरणीबद्दल कुणी काहीबाही कोरलं होतं, तो भाग आत गेला. नेमाची माशी घोड्याच्या खोगिराच्या पितळी बकलातून घासून काढली. खटक्याची स्प्रिंग कुठून आली हे व्हर्डीला तिचं शिवणयंत्र अडलं तेव्हा कळलं, आणि त्या दिवशी एल्झा शेडमध्येच जेवला.

रॉस्को काका अधूनमधून येऊन मान हलवत. म्हणाले, "जळकं लोखंड आहे, एल्झा. फुटलं तर तोंड शोधावं लागेल तुझं."

"म्हणून पहिला बार मी नाही, तो बुंधा झेलणार आहे."

त्याने खरंच बंदूक ओकच्या बुंध्याला बांधली, चापाला लांब दोरी लावली आणि अक्रोडाच्या झाडाआड उभा राहून ओढली. नळी फुटली नाही. आगीने लोखंड मऊ केलंय, तो काकांना म्हणाला, जुने लोक मऊच लोखंड वापरत. हे खरं की आत्ता सुचलेलं, ते त्यालाच ठाऊक.

पैजेच्या दिवशी एल्झा पहाटेच निघून गेला, म्हणजे व्हर्डीला आणि तिच्या ॲपल-पायच्या ताटल्यांना घेऊन यायला लोन्झोशिवाय कुणी उरलं नाही. लोन्झोने गाडी कुरणाच्या पार टोकाला, जाळापासून लांब उभी केली. एल्झाने येऊन बंदूक त्याच्या मांडीवर ठेवली. लोन्झोने नळी हाताने चाचपली. तोंडाजवळचा पोचा अंगठ्याला लागला. लहानपणी दोघांनी ती विहिरीच्या काठावर आपटली होती, तो हा पोचा.

"ही कुठून काढलीस?"

"राखेतून."

"मला नको, एल्झा. घेऊन जा."

एल्झाने एक कोरी फळी त्याच्याशेजारी ठेवली. तेवढ्यात रॉस्को काका आले. त्यांना सगळं समजत होतं. हळूच म्हणाले, दे इकडे, मी धरतो जाळावर, कुणाला दिसणार आहे.

"काका, नियम तुमच्याच आजोबांचा आहे," एल्झा म्हणाला. "ज्याची फळी, त्याचाच हात."

हे बोलणं कठोर होतं, आणि एल्झालाही ते कठोर वाटलं. तो तडक जाऊन ओंडक्याकडे तोंड करून, भावाकडे पाठ फिरवून बसला. एकेक जण पालथा पडून बार काढत होता. एल्झाने एकदाही वळून पाहिलं नाही, व्हर्डी मात्र सारखी पाहत होती.

बऱ्याच वेळाने लोन्झो उठला. फळी छातीशी धरून जाळापाशी गेला आणि तिथे नुसता उभा राहिला. मग खाली बसून त्याने ती जाळावर धरली. फळी जास्तच वेळ राहिली आणि एका कडेने पेटली. त्याने ती टाकली नाही. विजारीवर आपटून विझवली, चाकू काढला आणि फुली कापली. फुली वाकडी आली.

पहिलाच बार वाजला नाही. इतक्या वर्षांनी बंदूक हातात घेतलेल्या या गड्याने नळीत दारू न घालताच गोळी ठासली होती. अख्खं कुरण हसलं. काका म्हणाले, लोन्झो, गोळीला चालत जायला सांगतोस की काय. लोन्झोही हसला. एल्झाने पेचदार गज आणून गोळी उपसून दिली, आणि या वेळी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही.

पुढचे बार डाव्या अंगाला, खाली जाऊन लागले. लोन्झोने कागद सरकवला. त्यानंतर मात्र त्या नळीने इमान राखलं, दर वेळी तेच खोटं. जे काही चुकलं ते लोन्झोच्या श्वासामुळे चुकलं, आणि असं त्याने स्वतःच सांगितलं. सगळ्यांच्या भोकांपासून फुलीपर्यंत दोरा लावून मापं झाली. लोन्झो सहावा आला.

लोक आपापलं मांस घेऊन गेले. लोन्झो झाडापाशी गुडघे टेकून चाकूने शिसं उकरत होता, एल्झा बाजूला टोपी धरून उभा. चपट्या गोळ्या टोपीत पडत होत्या. पुढच्या वर्षीच्या गोळ्या ओतायला पुरेल एवढं शिसं जमलं.

"हे वितळवायला तुझ्या शेडमधली भट्टीच लागेल ना?" लोन्झोने विचारलं.

"लागेल."

"शनिवारी येतो. पेटवू नकोस, मी पेटवीन."

एल्झाने मान हलवली आणि टोपीतल्या शिशाकडे बघत राहिला, कारण वर बघायची सोय नव्हती.