भावोजी पडद्यामागे काय विचारतात

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणजे आमचे भावोजी, जन्मभर पासपोर्टचे फोटो काढत आले. हनुवटी वर, कान दिसू द्या, हसू नका. ताई गेली, दुकानही बंद झालं, तेव्हा मीच म्हटलं, रविवारी माझ्या वर्गात फोटो काढायला येत जा. मी वेताच्या टोपल्या विणायला शिकवते. दर रविवारी शिकायला नवे पाहुणे येतात, टोपली करतात, टोपलीसोबत फोटो काढून घेतात, आणि ते फोटो बघूनच पुढचे पाहुणे येतात. फोटो पडले की वर्ग पडला, इतकं सरळ आहे.

पण भावोजींच्या फोटोत सगळे अट्टल चोर दिसायचे! टोपली मुद्देमालासारखी छातीशी धरलेली, डोळे वटारलेले. एका बाईंनी तर कळवलं, ‘शिकवणं उत्तम, पण फोटो घरी दाखवायची सोय नाही.’ पाहुणे रोडावले. मी भावोजींना एकदा स्पष्ट बोलले.

आणि अचानक फोटो चांगले यायला लागले. नुसते चांगले नाहीत, बघत राहावेत असे. आता या वयात माणूस एका आठवड्यात सुधारतो होय? माझ्या मनात पाल चुकचुकली. त्यात भावोजींनी खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावला. पाहुण्याला एकेकट्याला आत न्यायचं, हळू आवाजात काहीतरी बोलायचं, मग कॅमेऱ्याचा खटका. कुणी हसत बाहेर यायचं, तर कुणी डोळे पुसत. विचारलं की म्हणायचे, ‘ते आमचं आमच्यात.’

वा रे वा! घर माझं, वेत माझा, आणि हे यांचं यांच्यात!

मी डोळ्यांत तेल घालून बघू लागले. वेत भिजवायच्या निमित्ताने टब पडद्याजवळ सरकवला, पण पाण्याच्या आवाजात धड काही ऐकू येईना. नक्कीच माझ्या स्वभावावर विनोद करत असणार. नाहीतर माझे पाहुणे फोडून स्वतःचा वर्ग काढायचा बेत असणार. विणता येत नाही त्यांना, हे मला तेव्हा सुचलंच नाही. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं खरं. आज छडा लागला नाही तर पुढच्या रविवारपासून येऊ नका, असं तोंडावर सांगायचं मी ठरवून टाकलं. माझं घर सोडलं तर त्यांना जायला जागा नव्हती. तरीही ठरवलं.

त्या रविवारी पाहुणे गेल्यावर मी हाताला लागली ती टोपली उचलली आणि पडद्यामागच्या खुर्चीत जाऊन बसले.

“काढा माझा फोटो. आणि सगळ्यांना जे विचारता तेच विचारा. शब्द बदलायचा नाही.”

भावोजी चाचरले. “अगं, तुला कशाला...”

“विचारा!”

त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला. “ही टोपली कुणाला देणार?”

“एवढंच?” माझा विश्वासच बसेना. “देणार कसली? विकणार.”

“विकायची नाही असं धर. मग कुणाला?”

आता यांना चांगलं सुनवावं म्हणून मी तोंड उघडलं, आणि बाहेर आलं भलतंच. “ताईला. कपड्यांचे चिमटे ठेवायला हवी म्हणून मागे लागली असती. घेतली असती, आणि वर काठ वाकडा म्हणून नावं ठेवली असती, बया!” मला तिचा तो फणकारा जसाच्या तसा दिसला आणि हसूच फुटलं.

खटका झाला.

भावोजी कॅमेऱ्याच्या मागच्या काचेकडे बघत राहिले. बराच वेळ. मला दाखवेनात.

“आता काय लपवताय?” मी कॅमेरा ओढूनच घेतला.

क्षणभर मला वाटलं, ताईचाच जुना फोटो उघडलाय. तेच गाल, हसताना बारीक होणारे तेच डोळे. आम्ही एवढ्या सारख्या दिसतो हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या कपाळावर कायम आठ्या, सांगणार कोण म्हणा.

“तिचा हसरा फोटो माझ्याकडे एकसुद्धा नाही,” भावोजी म्हणाले. “समोर बसली की हसायची. मीच दटावायचो. हा मी ठेवू?”

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. “ठेवा. अजून एक काढा.”

त्यांनी लगेच डोळ्याला लावला. मी ताठ बसले, टोपली नीट धरली, पण आता मला काही केल्या हसता येईना.