कोण हाय आत?

मी भिगवण-बारामती रस्त्यावर अँब्युलन्स चालवतो. उसाच्या हंगामात पुढं ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर भलेमोठे स्पीकर. त्यात माझा सायरन कुणाच्या बापाला ऐकू येणार? म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या एका सरांनी माझ्या गाडीत आणि पंधरा-वीस ट्रॅक्टरांत वायरलेसच्या डब्या बसवल्या. मी किलोमीटरभर लांब असतानाच ट्रॅक्टरातली डबी लाल होऊन कोकलायची.

पहिल्याच दिवशी मासळी बाजारात घसरून पाय मोडलेल्या एका आबांना घेऊन निघालो. बघतो तर सगळे ट्रॅक्टर शिस्तीत डावीकडं लागलेले! सरांचे पाय धरावेसे वाटले. पण मी पोचेपर्यंत भरपूर वेळ मिळाल्यामुळं ड्रायव्हर खाली उतरून रस्त्याच्या मधोमध उभे होते.

"कोण हाय आत?"

"आधी बाजूला व्हा!" मी ओरडलो.

"व्हतो की. पर हाय कोण?"

पुढच्या ट्रॅक्टरपाशी तेच, त्याच्या पुढच्यापाशीही तेच. माझं डोकं फिरलं. तेवढ्यात आबांनीच मागून काच ठोठावली. "आरं, मी हाय म्हणून सांग की त्यांना! पाय मोडलाय, बाकी ठणठणीत हाय."

संध्याकाळी सरांसमोर मी या लोकांना यथेच्छ शिव्या घातल्या आणि मोटरसायकलवरून घरी निघालो. वाटेत दुसरी अँब्युलन्स आली. मी पटकन गाडी बाजूला घेतली, खाली उतरलो आणि हात आडवा केला.

"कोण हाय रं आत?"