चांदमारीची शेवटची पेटी

रविवारी चांदमारीवरून घरी आलो की दारातच शर्ट झटकावा लागायचा. कॉटन ग्रीनच्या गोदामांतून उडालेला कापूस केसांत, कॉलरीत, खिशात जाऊन बसलेला असायचा. किस्सेही तसेच. अंगाला कधी चिकटले ते कळत नाही. झटकायला घेतले की निघतच राहतात!

मी तसा बुजरा. सातवीनंतर शाळा सुटली आणि लालबागला फोटोंना फ्रेमा करायच्या दुकानात लागलो. दिवसभर काचेशी काम, बोलायचं कोणाशी? चांदमारीवर तर गप्प बसणाऱ्यालाच मान. त्यामुळे ऐकलेलं सगळं आत साठत गेलं.

आमचा रायफल क्लब शिवडीच्या बाजूला, खाडीकाठी. एक पत्र्याची शेड, पुढे मोकळी जमीन आणि टोकाला मातीचा उंच बांध. बांधासमोर कागदाची टारगेटं, त्यांच्याखाली खड्डा. बांधापलीकडे नुसती खाडी आणि आभाळ. दुपारी तिथे इतकं शांत असायचं की दोन गोळ्यांच्या मधे बगळ्यांच्या पंखांचा आवाज ऐकू यायचा.

थ्री नॉट थ्री रायफलीची काडतुसं साध्या माणसाने घरी ठेवायला बंदी. क्लबाला मात्र परवान्यावर महायुद्धातला उरलेला मिलिटरीचा माल मिळायचा, हिरव्या लाकडी पेट्यांतून. प्रत्येक काडतुसाच्या पितळी बुडावर साल कोरलेलं असायचं आणि प्रत्येक सालाचा स्वभाव वेगळा. बेचाळीसची पुष्कळदा फुसकी. चाप ओढला की नुसतं ‘खट्’. मग नियम एकच, हलायचं नाही. नळी टारगेटकडे धरून वाट बघायची, कारण जुनी दारू कधीकधी उशिरा जागी होते.

हा नियम आम्हाला शिकवला हवालदार गायकवाडांनी. ते युद्धात ब्रह्मदेशात लढून आले होते. आता परळच्या गिरणीत होते आणि आमच्या मागच्याच चाळीत राहायचे. मला क्लबात त्यांनीच आणलं. म्हणाले, ‘‘तू गप्प बसतोस. निम्मं शिक्षण तुझं झालंय!’’

* * *

आमच्यातले साबनीस गिरगावचे, बँकेत कारकून. काडतुसांच्या बाबतीत भारी चोखंदळ. एकदा आम्ही दोघे ट्राममधून येत होतो आणि साबनीस रंगात आले होते.

‘‘बेचाळीसच्या नादाला लागू नकोस रे. नुसती ताटकळत ठेवते.’’

मी मान हलवली.

‘‘त्रेचाळीसची शांत. पण खरी मजा चव्वेचाळीसची! खांद्यावर लाथ मारते, पण दगा म्हणून देत नाही.’’

समोर एक आजोबा बसले होते. त्यांनी माझ्याकडे निरखून बघितलं, मग साबनिसांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘अहो, मुलगा विशीतला दिसतोय. त्याला जरा लहान वयाची बघा ना!’’

* * *

बबन कोळी आमचा मार्कर. कफ परेडच्या कोळीवाड्यातला. गोळीबार चालू असताना टारगेटाखालच्या खड्ड्यात बसायचं आणि गोळी कुठे लागली ते वर खूण करून सांगायचं, हे त्याचं काम. मधोमध लागली तर तो बांबूला लावलेली पांढरी गोल तबकडी सावकाश वर धरायचा. खड्ड्यातला बबन दिसायचाच नाही. नुसतं पांढरं गोल काहीतरी आपलं आपण वर यायचं. त्यासाठी आम्ही आठवडा काढायचो.

एकदा तो मला घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आजीने सुकट परतता परतता विचारलं, ‘‘तुमी रविवारी जाताव तरी कुठं?’’

मी हळूच म्हणालो, ‘‘चांदमारीला.’’

आजीचा हात थांबला. ‘‘चांदाला मारताव? त्यानं काय केलाय रं तुमचा?’’

बबन हसत सुटला. मी समजावायला गेलो की नेमबाजीच्या जागेला तसं म्हणतात, पण शब्द नीट जुळेनात. आजीने ऐकूनच घेतलं नाही.

‘‘बाकी कवा मारायचा तो मारा. पुनवेला नको. आमचा दर्या त्याच्या हुकमावर चालतो. आमची मानसं होड्या घेऊन भायेर असतात.’’

आणि तिने बबनला शपथ घातली. गंमत म्हणजे पुढे ज्या रविवारी पौर्णिमा पडायची, त्या रविवारी बबन काही ना काही कारण काढून उशिरा यायचा!

* * *

मग ते दिवस आले, मुंबईसह महाराष्ट्र मागण्याचे. सभा, मोर्चे, हरताळ. शहरात गोळीबार झाला. क्लबाच्या रायफली ठाण्यात जमा झाल्या आणि शेडला कुलूप लागलं. तरी सवयीने आम्ही रविवारी तिथे जाऊन पायरीवर बसायचो.

एका रविवारी साबनीस आले. गिरगावात त्यांच्या घराजवळ रस्त्यावर सापडलेली पोलिसांच्या गोळीची रिकामी पुंगळी त्यांनी हवालदारांच्या तळहातावर ठेवली. हवालदारांची नजर तेव्हापासूनच अधू होत चालली होती. त्यांनी पुंगळी उलटी केली आणि बुडावरून अंगठा फिरवला.

‘‘आपल्याच सालाची आहे,’’ ते म्हणाले.

क्लब परत सुरू झाल्यावर बरेच महिने कोणी कोणाला ‘तुझी कितीची?’ म्हणून काडतुसाचं साल विचारलं नाही.

* * *

हवालदारांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा साबनिसांना राहवलं नाही.

‘‘हवालदार, पंचशील घेतलंत. आता बंदुकीचं काय?’’

‘‘कागदावर मारतो, साबनीस. कागदाचा प्राण जात नाही.’’

‘‘तरी पण...’’

‘‘आणि एक सांगू? दीक्षा घेतल्यापासून हात कमी हलतो!’’

पुढच्या रविवारी साबनीस कुठूनसं ध्यानधारणेचं पुस्तक घेऊन आले. पुस्तक वाचताना मांडीवरचा चहा सांडला आणि त्या दिवशी त्यांची एकही गोळी कागदाला लागली नाही.

* * *

एका पावसाळ्याच्या तोंडाशी क्लबाच्या सेक्रेटरींनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, ‘‘मिलिटरीचा जुना माल यापुढे साध्या माणसांना मिळणार नाही. आहे ती पेटी शेवटची. ती संपली की जागाही परत करायची.’’

सगळे हवालदारांकडे बघायला लागले. ते पेटीकडे बघत होते. त्यांच्या बायकोने मला एकदा त्यांच्या जिन्यात थांबवून सांगितलं होतं, ‘‘पाऊस लागून चांदमारी चुकली ना, की हे दिवसभर भिंतीकडे बघत बसतात रे. बोलत नाहीत, जेवत नाहीत. गिरणीत जातात ते नुसते हातपाय. माणूस रविवारी परत येतो.’’

मग आम्ही पेटी पुरवायला लागलो. आधी प्रत्येकाला पाच गोळ्या, मग दोन, मग एक. शेवटी हवालदारांनी नवाच प्रकार काढला. रिकामी रायफल धरायची, नेम घ्यायचा, श्वास रोखायचा, चाप ओढायचा. ‘खट्’ झालं की हवालदार विचारायचे, ‘‘बोल, कुठे गेली?’’ आणि आपण खरं सांगायचं. नळीच्या टोकाची माशी कुठे हलली, हात कुठे चुकला ते ज्याचं त्याला कळतंच. याला नाव पडलं ‘मनातली गोळी’.

साबनीस दर वेळी छाती काढून सांगायचे, ‘‘मधोमध!’’

‘‘साबनीस,’’ हवालदार एकदा म्हणाले, ‘‘मनातल्या मनात तरी एखादी चुकवा!’’

माझी मात्र नेहमी खाली जायची. ‘‘खाली, डावीकडे,’’ मी पुटपुटायचो. हवालदार म्हणायचे, ‘‘याची मनातली गोळीसुद्धा लाजते.’’

खड्ड्यात बसून बबन कंटाळला आणि या गोळ्यांनाही तबकडी दाखवायला लागला. त्यावरून चहाच्या वेळी जुंपली.

‘‘बबन्या, माझी मधोमध होती. तू बाहेरची खूण का दाखवलीस?’’

‘‘मी खाली बसलोय का तुम्ही? मला बाहेरच दिसली!’’

‘‘अरे, पण गोळी नव्हतीच!’’

‘‘मग भांडताय कशाला, साबनीस?’’

* * *

असं करत करत पेटीच्या तळाशी एकच काडतूस उरलं. बेचाळीसचं. ते कोणी मारायचं यावर चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव निघालं माझं. मी नको म्हणत होतो, पण ते माझं मलाच ऐकू आलं असावं.

तो रविवार नारळी पौर्णिमेचा होता. पावसाने उघडीप दिली होती. बबनचा पत्ता नव्हता. दर्याला नारळ वाहिल्याशिवाय आजी त्याला सोडणार नव्हती. आम्ही संध्याकाळ होईपर्यंत थांबलो. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, ‘‘एका गोळीला मार्कर कशाला? चालत जाऊन भोक बघू. मला कुलूप लावायचंय.’’

हवालदार स्वतः खड्ड्यापर्यंत जाऊन तो रिकामा असल्याचं बघून आले. मग माझ्या शेजारी मांडी घालून बसले. ‘‘घाई नाही,’’ म्हणाले.

मी पालथा झोपलो. गवत ओलं होतं. मागे गोदामांवर उजेड विझत होता आणि टारगेटाचा कागद तेवढा पुसट दिसत होता. मी श्वास रोखला आणि चाप ओढला.

खट्.

कोणी हललं नाही. मी नळी तशीच धरून ठेवली. खाडीला भरती लागली होती, तिचा आवाज येत होता. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. आणि मग टारगेटाच्या अगदी वर, बांधामागून, पांढरं गोल काहीतरी सावकाश वर आलं.

साबनीस उभे राहिले. हवालदारांनी डोळे बारीक केले.

‘‘मधोमध!’’ ते ओरडले. ‘‘शाबास रे! बबन आला वाटतं!’’

‘‘मी इथे आहे, हवालदार.’’

आम्ही वळून बघितलं. बबन शेडच्या दारात उभा होता. नवा सदरा, हातात नारळीभाताचा डबा.

आम्ही परत बांधाकडे वळलो आणि ते गोल बांधापासून सुटेपर्यंत बघत राहिलो. मग हवालदारांनी माझ्या हातातून रायफल घेतली, बोल्ट मागे ओढून काडतूस तळहातावर काढलं, खिशातल्या रुमालाने पुसलं आणि परत पेटीत ठेवून झाकण लावलं.

‘‘कुलूप राहू द्या, साहेब,’’ ते सेक्रेटरींना म्हणाले. ‘‘पेटी संपलेली नाही. पुढच्या रविवारी सगळ्यांनी या.’’

मग माझ्याकडे वळले. ‘‘तू बोल. कुठे गेली?’’

मी समोर बघितलं. ते आता बांधाच्या पुष्कळ वर आलं होतं.

‘‘मधोमध,’’ मी म्हणालो. मोठ्याने.

बबनने डबा खाली ठेवला, आभाळाकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला.

‘‘आता आजीला काय सांगू मी?’’