दोन्ही कान दिसले पाहिजेत

मुतुप मेमेंनी, म्हणजे मुतुप आजोबांनी, लेहच्या बाजारात अडतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. निळा पडदा, त्यापुढे लाकडी स्टूल, आणि त्या स्टुलावर आमच्या खोऱ्यातलं जवळजवळ प्रत्येक माणूस कधी ना कधी ताठ बसलेलं. रेशनकार्ड असो, पेन्शन असो, फौजेची भरती असो, फोटो त्यांचाच, दोन्ही कान दिसणारा. माझ्या पेन्शनच्या कागदावरची मीसुद्धा त्यांनीच काढलेली. खाष्ट सासूसारखी दिसते. तक्रार केली तेव्हा म्हणाले, "आचे-ले," म्हणजे ताईजी, "ओळख पटावी म्हणून काढलाय, लग्न जमावं म्हणून नाही."

आमच्याकडे मुलाचं लग्न होऊन सुनेनं चूल हाती घेतली की थोरल्यांनी मोठं घर सोडून धाकट्या घरात राहायला जायचं असतं. मेमेंचं धाकटं घर गावाच्या डोक्यावर, शेवटच्या पाटाच्याही वर आहे. तिथं हिरवं एकदम संपतं. पुढे नुसती माती, दगड आणि आभाळ. बायको तीन वर्षांपूर्वी गेलेली. मे महिन्यात त्यांनी स्टुडिओ पुतण्याच्या हवाली केला आणि दोन कुत्री व एक कॅमेरा घेऊन ते वर राहायला आले. नकपो म्हणजे बाजारातला काळा, फाटक्या कानाचा. दुसरी ठुकपा. पिल्लू असताना ती ठुकपाच्या, म्हणजे शेवयांच्या रश्श्याच्या, पातेल्यात पडली होती, तेच नाव राहिलं.

माझं घर त्यांच्या खालच्या वळणावर आहे, त्यामुळे त्यांचं जाणं-येणं माझ्या दारावरून. नन्सनी शाळेत लावलेली रोजनिशीची सवय अजून सुटलेली नाही: आधी तारीख, मग हवा, मग माणसं. वहीत उन्हाळाभर मेमेच मेमे आहेत. छपराला नवी माती घातली. कोल्ह्यानं एक जोडा पळवला. कॅमेरा गळ्यात घालून दिवसभर डोंगरावर हिंडले, संध्याकाळी एकाच पिकाचा, म्हणजे बिनशेपटीच्या रानउंदराचा, फोटो घेऊन आले. तो मात्र सुरेख होता. उंदीर बिळाच्या तोंडाशी ताठ बसलेला, बरोबर मधोमध.

"दोन्ही कान दिसतायत," मेमे अभिमानानं म्हणाले.

ऑक्टोबरात त्यांची सून कुंझेस वर आली. मुलगा फौजेत, दूरच्या ठाण्यावर, त्यामुळे घराचा कारभार तिच्याकडेच. बाई कामाची आणि मनानं चांगली, पण बोलायला लागली की पाट फुटल्यासारखी.

"आबा-ले, हिवाळ्यात खाली चला. इथं पाणी गोठतं, माणूस गोठायला कितीसा वेळ?"

"अडतीस वर्षं अंधाऱ्या खोलीत फोटो धुतलेत मी. गार पाण्याचं मला काय सांगतेस?"

"तेव्हा तुम्ही एकाहत्तर वर्षांचे नव्हता. आणि हे घर तरी आहे का? स्वयंपाकघराच्या भिंतीवर रानबोकड कुठाय? अजून पाहुणेच आहात तुम्ही इथं!"

मेमेंनी चुलीवरच्या कोऱ्या भिंतीकडे पाहिलं. लोसारला प्रत्येक चुलीच्या भिंतीवर पिठानं रानबोकड काढतात, कमानीसारख्या शिंगांचा. त्याच्याशिवाय नवं वर्ष घरात येत नाही.

"पिठाचा कशाला? खराखुरा लावतो. फोटो काढून."

"लोसारच्या संध्याकाळपर्यंत लावा, मग राहा खुशाल. नाही लागला तर गाठोडं बांधून खाली यायचं. आणि ही दोघं मेंढपाळांकडे जातील. माझ्या गोठ्यात शेळ्या गाभण आहेत, तिथं हे फाटके कान मला नकोत."

मेमेंनी नकपोकडे पाहिलं. "मान्य," ते म्हणाले. आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

रानबोकड हिवाळ्यात खाली उतरतात, आमच्या कड्यावर अगदी गोठ्यातल्यासारखे फिरतात. तरी फोटो मिळेना. मेमे परत येत आणि कॅमेऱ्यात मला दाखवत: रिकामा कडा. दुसऱ्या दिवशी कडा आणि धूळ. एकदा एक शेपूट.

गाव म्हणालं, कुत्र्यांमुळे. कुंझेस म्हणाली, "सांगितलं होतं मी." मेमे कुत्र्यांना माझ्या अंगणात बांधून जाऊ लागले. दोघं फाटकाकडे तोंड करून अशी रडत, जशी मेमेंची अंत्ययात्राच निघालीय. फोटो तरीही नाहीच.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी वही काढून बसले. अकरा खेपा. त्यातल्या सहा खेपांना कुत्री माझ्याकडे होती.

"मुतुप-ले," मी म्हटलं, "बोकड कुत्र्यांना भीत नाहीत. तुम्हाला भितात."

"मला? मी तर दगडासारखा बसतो!"

"उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी एका शिळेआड आम्ही दीड तास बसलो. पाय बधिर झाले. मग चार बोकड कड्यावर आले, पुढचा म्हातारा, दाढीवाला. मेमे खरंच दगडासारखे बसले होते. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हलायचं नाही हं! हनुवटी वर!"

बोकड गेले. मी हसून हसून शिळेवर आडवी झाले.

"मी बोललो?" मेमेंनी विचारलं. त्यांना खरोखर पत्ता नव्हता. अडतीस वर्षं बोट आणि तोंड एकदमच चालत आले होते.

त्यांनी पुष्कळ प्रयत्न केले. तोंडावर मफलर बांधला, तर मफलरातून बोलले. जीभ दाताखाली धरली, ती चावली. शेवटी मी माझ्या डब्यातली छुरपे दिली, याकच्या दुधाचं वाळवलेलं चीज. दगडासारखं असतं, अर्धा दिवस विरघळत नाही. दोन गालांत दोन मोठे खडे भरले की मोठमोठे वक्ते मुके होतात.

लोसारला चार दिवस उरले होते. मेमे म्हणाले, "आता ही दोघं कुत्रीही येऊ देत. उद्या मेंढपाळांकडे गेली तर एक तरी फेरी सोबत झाली असेल." त्यामुळे शिळेआड आम्ही चौघं बसलो. मेमेंचे गाल फुगलेले, कुत्री त्यांच्या मांडीला चिकटून.

म्हातारा बोकड आला, आणि खाली मान घालून कोरडं गवत कुरतडत राहिला. आम्हाला त्याची पाठ तेवढी दिसत होती. मेमे थांबले. बोकड मान वर करीना. मेमेंच्या गळ्यातून 'ह्म्म, ह्म्म' असा आवाज येऊ लागला, मला वाटलं छुरपे आता बाहेर उडते. आणि तेवढ्यात नकपोनं एकच, अगदी हलकं 'भू' केलं.

बोकडानं मान उचलली. उंच कड्यावर उभं राहून खालच्या कुत्र्याला भ्यायचं कारण नव्हतं. त्यानं नुसतं पाहिलं, शांत, सरळ, हनुवटी वर. मागे निळं आभाळ. कॅमेरा वाजला.

मेमेंनी छुरपे हातावर काढली. "बघितलंस, आचे-ले? याला काम येतं. अडतीस वर्षं मी एकटा ओरडत बसलो."

फोटोचं कार्ड त्यांनी बसच्या ड्रायव्हरबरोबर पुतण्याकडे पाठवलं, सोबत चिठ्ठी: 'हा छापून दे.' पाकीट लोसारच्याच दुपारी आलं. कुंझेस आधीच वर आली होती. मेमेंचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलेलं, कुत्र्यांच्या गळ्यात दोर. मेमेंनी पाकीट फोडलं आणि आतला कागद उलटसुलट करून पाहिला.

पुतण्यानं सवयीनं छापलं होतं. पासपोर्ट साइझ. आठ प्रती.

कुंझेसनं तो कागद घेतला, खिडकीशी नेला, डोळ्याशी धरला. आठ म्हातारे दाढीवाले, आठही निळ्या पडद्यासमोर ताठ, जणू सगळे पेन्शनला निघालेत.

"आबा-ले," ती म्हणाली, तिचे ओठ थरथरत होते, "दोन्ही कान दिसतायत." आणि ती अशी हसली की ठुकपा घाबरून भुंकायला लागली.

मग तिनं पीठ कालवलं. आठही बोकड चुलीवरच्या भिंतीला एका ओळीत चिकटवले, भोवती बोटानं पांढरे ठिपके काढले. हात पुसून दाराशी गेली, नकपोच्या आणि ठुकपाच्या गळ्यातले दोर सोडले, आणि त्याच दोरानं गोवऱ्या आणायची पाटी पाठीवर बांधायला लागली.

"गाठोडं सोडा की आता," ती न वळता म्हणाली. "गोवऱ्या मी रोज पोचवीन. आणि ते छुरपेचे खडे जपून ठेवा. मी बोलायला लागले की उपयोगी पडतील."