तात्यांना सांगायचं नाही

आप्पा गेले त्या दिवशी मी गावी फोन लावला तो चुलतभावाला. तात्यांना नाही. आप्पा माझे वडील, तात्या त्यांचे धाकटे भाऊ, आणि चुलतभाऊ तात्यांचाच मुलगा. तो आधी रडला, मग नाक ओढून म्हणाला, "ताई, तात्यास्नी आत्ता सांगायचं न्हाय. डॉक्टरांनी बजावलंय, धक्का बसंल असं कायबी बोलू नका. हार्ट लई कमजोर हाय." मी बरं म्हणाले. कॅनडातल्या एका दवाखान्याच्या पार्किंगमध्ये बर्फात उभी होते मी. मला त्या वेळी कोणी काहीही सांगितलं असतं तरी बरंच म्हणाले असते.

ठरलं ते असं. उन्हाळ्यात मी अस्थी घेऊन यायचं, तात्यांच्या समोर बसून काय ते सांगायचं, डॉक्टर जवळपास ठेवायचा आणि मग नरसिंहपूरच्या संगमावर आम्ही मिळून विसर्जन करायचं. तोवर सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. म्हाताऱ्या माणसापासून वाईट बातमी लपवणं ही आमच्याकडे माया समजतात. इतकी वर्षं परदेशात काढून, इथल्या लोकांना सडेतोडपणावर प्रवचनं देऊनही मला त्यात काही खटकलं नाही.

पण सुतक लपवता येत नाही. ते साऱ्या भावकीला लागतं, म्हणून साऱ्या भावकीला सांगावंच लागलं. एकटे तात्या सोडून. घरात देवापुढे दिवा लागेना, तेव्हा तात्या सुनेवर डाफरले, "ह्या घरात देव हायत का न्हायत?" आणि स्वतः वात वळून दिवा लावायला बसले. चुलतभावाने हे मला हसत सांगायचा प्रयत्न केला. त्याला हसू काही आलं नाही. तरी आता सांगून टाकू या, असं दोघांपैकी एकानेही म्हटलं नाही.

दर रविवारी भावाभावांचं बोलणं व्हायचं. ऊस कधी तुटला, कालव्याला पाणी कधी सुटणार, कोण वारलं आणि कोण अजून उगाच जगतंय, असल्या गप्पा. आप्पा गेल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी फोन वाजला आणि मी सांगितलं, आप्पांचा घसा बसलाय, डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे.

"बोलायला मनाई हाय, ऐकायला न्हाय ना?" तात्या म्हणाले. "फोन त्येच्या कानाला लाव."

मी फोन टेबलावर ठेवला. समोर आप्पांची खुर्ची होती, तिच्या पाठीवर त्यांचा स्वेटर तसाच होता. तात्या त्या खुर्चीशी बोलत राहिले. शेजारच्या मळ्यात डाळिंबावर तेल्या रोग पडला, बांधावरचं चिंचेचं झाड पाडलं, असं सगळं सांगून झाल्यावर त्यांनी आप्पांना एक खास शिवी दिली आणि मला विचारलं, "हसला का?"

"हसले," मी म्हणाले.

हे किती दिवस चालणार? एका रविवारी त्यांनी मागणी केली, व्हिडिओ कर, दादाचं तोंड दाव. मी घाईघाईने म्हणाले, "तात्या, आम्ही उन्हाळ्यात येतोय! मोटारसायकलवर सगळा आपला भाग फिरायचाय." बस्स, तोंड बघायचं राहिलंच. तात्या एकदम असे खूश झाले की मला रडू आलं.

ही थाप मी हवेतून काढली नव्हती. आप्पांचा आणि माझा हा बेत फार जुना. माझ्याकडे इथे मोटारसायकल आहे, सुट्टीच्या दिवशी आप्पा मागे बसायचे आणि माझ्या ब्रेक मारण्याला नावं ठेवायचे. बारामतीत गाडी भाड्याने घ्यायची, ज्या वसतिगृहात राहून ते शिकले ते बघायचं, तिथून भिगवण, मग पाण्याच्या कडेकडेने पळसदेव, आमचं जुनं गाव, इंदापूर आणि शेवट नरसिंहपूर. आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. माणसं वर माळावर येऊन राहिली. मी छापून आणलेल्या नकाशावर धरणाचा निळा डाग होता, आणि आप्पांनी त्या निळ्यावर पेन्सिलने रस्ते काढले होते. इथून शाळा, इथून ओढा, इथं आपलं घर. उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की घराचं जोतं उघडं पडतं, असं तात्या सांगायचे. दोघा भावांना ते एकदा मिळून बघायचं होतं.

तर तात्यांनी माझी थाप उचलली आणि बेत आपल्या हातात घेतला. "दादा तुझ्या मागं कशाला बसंल? माझ्या मागं बसंल," म्हणाले. गोठ्यामागे त्यांची जुनी फटफटी वर्षानुवर्षं पोत्याखाली पडली होती. ती त्यांनी बाहेर काढली, टेम्पोत घालून इंदापूरला नेली आणि चालू करून आणली. चुलतभावाने व्हिडिओ पाठवला. अंगणात धूर, धुरात धोतर सावरत बसलेले तात्या आणि मागून सुनेचा आवाज, "अवं, धरा की कुणीतरी त्यास्नी!"

खरं सांगते, मला त्या रविवारांची ओढ लागली. भिगवणला मासे कुठे खायचे, दादाला ऊन सोसंल का, नरसिंहपूरला पूजा सांगायची का अभिषेक, यावर आम्ही तासतास वाद घालायचो. तेवढा वेळ आप्पा जिवंत असायचे. ते आतल्या खोलीत आडवे झालेत आणि तात्या मोठ्याने बोलतायत म्हणून कुरकुरतायत, असं मला खरोखर वाटायचं. फोन ठेवला की घर एकदम मोठं व्हायचं. कपाटात वरच्या फळीवर अस्थींचा डबा होता आणि मी खाली बसून दोन माणसांच्या प्रवासाचा बेत आखत होते.

मग तात्या गाडी चालवायला लागले. आधी गावात, मग पळसदेवपर्यंत, मग थेट हायवेवर. सोलापूरकडे जाणाऱ्या ट्रकच्या रांगेत धोतराचा सोगा उडवत चाललेला म्हातारा इंदापूरच्या स्टँडवरून कोणीतरी पाहिला आणि चुलतभावाला फोन केला. घरी आल्यावर तात्यांना दम लागला होता, ओठ काळेनिळे झाले होते. चुलतभावाने किल्ली लपवली. तात्यांनी बाजारातून दुसरी करून आणली.

"तुमीच सांगा ताई त्यास्नी," चुलतभाऊ म्हणाला. "माझं ऐकत न्हाईत."

मी सांगितलं, तात्या, गाडी चालवू नका, तब्येत बघा. ते म्हणाले, "दादा मागं बसणार, आन माझा हात थरथरला तर? सराव नगं का?" त्यांच्या प्रत्येक वेडेपणाला माझ्या एका खोट्या वाक्याचा टेकू होता. मला चुलतभावाचा राग आला, डॉक्टरांचा आला, आप्पांचासुद्धा आला. स्वतःचा सगळ्यात शेवटी आला, तोवर मे महिना लागला होता.

मे महिन्यात पाणी उतरलं. पळसदेवचं जुनं देऊळ पूर्ण उघडं पडलं, लोक फोटो काढायला येऊ लागले. आणि पाणी अजून खाली जात होतं. एका रविवारी तात्या फोनवर जवळजवळ ओरडलेच, "दिसलं! आपल्या घराचं जोतं दिसलं, पोरी! दादाला सांग!" मी सांगते म्हणाले.

त्या जमिनीचा भरवसा नसतो, हे तिथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. वरून गाळ वाळतो, भेगा पडतात, माणूस पाय ठेवतो, आणि खाली नुसता लगदा. त्याच आठवड्यात एका मासेमाराची म्हैस पोटापर्यंत रुतली, ती दोर लावूनही निघाली नाही. हे तात्यांनीच मला सांगितलं, आणि वर म्हणाले, "म्हणून तर आधी जाऊन वाट बघून ठिवतो. कडक कुठं, मऊ कुठं. खुणेला बाभळीचे फोक रोवत जातो. दादाचा पाय रुतायला नगं."

"चालत जाणार?"

"चालत कशाला? फटफटी हाय की. दोघांचं वजन पेलतंय का ते कळाय नगं?"

मी दुसऱ्याच दिवशी चुलतभावाला फोन केला. महिनाअखेरीस मी येईपर्यंत थांबण्यात आता अर्थ नाही, सांगून टाक, म्हणाले. तो म्हणाला, माझी जीभ उचलत न्हाय, तुमीच सांगा. मी म्हणाले, फोनवर कसं सांगू, काही झालं तर? असे आम्ही दोघे एकमेकांकडे ढकलत राहिलो, आणि तिकडे तात्या फोक तोडून त्यांचा भारा बांधत होते.

मग एका संध्याकाळी माझा फोन वाजला. तिकडे सकाळ होती. चुलतभाऊ धापा टाकत होता. तात्या गाडीवर बसलेत, भारा मागे बांधलाय, फाटकात मी आडवा उभा आहे, पण ते अंगावर गाडी घालतील. मागे इंजिनाचा फटफट आवाज येत होता आणि तात्यांच्या शिव्या.

"फोन त्यांच्याकडे दे," मी म्हणाले. "आणि डॉक्टरांना बोलाव."

तात्यांचा चेहरा पडद्यावर आला. डोक्याला पंचा बांधलेला, दाढी केलेली. "ह्या येड्याला सांग जरा," ते म्हणाले.

"तात्या, गाडी बंद करा."

"का?"

"आप्पा येणार नाहीत. आप्पा गेले, तात्या."

त्यांनी ऐकलं नाही असं मला वाटलं. म्हणून मी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. इंजिनाचा आवाज आणखी थोडा वेळ चालला आणि मग थांबला. मी त्यांच्या छातीकडे बघत होते, कुठे हात जातोय का. हात गेला नाही. चेहऱ्यावरही काही दिसेना. इतके महिने ज्याची भीती बाळगली तो धक्का त्यांनी नुसता गिळला.

"कवा?" त्यांनी विचारलं.

"मार्गशीर्षात."

ते हिशेब लावत होते. ओठ हलत होते. मी उगाच काहीबाही बोलत राहिले, तुमच्या तब्येतीसाठी, डॉक्टर म्हणाले, मी स्वतः येऊन सांगणार होते. त्यांचं लक्ष नव्हतं.

"मार्गशीर्षात आमच्या शेजारच्या मळ्यात लगीन व्हतं," ते म्हणाले. "म्या फेटा बांधून गेलतो. आपली समदी भावकी मांडवाच्या भाईर हुबी. आत कुणी येईना. मला वाटलं, मानपानाचं कायतरी बिनसलंय ह्येंचं. म्या एकेकाला वढत व्हतो, चला की म्हनून."

सुतकात मांडवात कोण पाय ठेवणार?

"लई नाचलो, पोरी. हलगीपुढं. त्ये भाईर हुबं राहून बघत व्हते." त्यांनी मान वळवली, फाटकात उभ्या असलेल्या मुलाकडे पाहिलं असावं, मग पुन्हा माझ्याकडे. "त्या समद्यास्नी ठाव व्हतं?"

"होय, तात्या."

"हा बी तितंच व्हता?"

ते आता माझ्याशी बोलतही नव्हते. फोन त्यांनी खाली मातीत ठेवला असणार, कारण मला पडद्यावर नुसतं पांढरं आभाळ दिसत होतं. मी तात्या, तात्या अशा हाका मारत राहिले. चुलतभावाचा रडण्याचा आवाज आला, सुनेचा आला, तात्यांचा कसलाच आला नाही. गाडी बंद होती. मला तेवढंच हवं होतं, आणि ते मला मिळालं.